उत्सर्जन रजिस्ट्रीतली आपली वैयक्तिक कागदपत्रं: नियामकाने काय ठेवावं आणि किती काळ?

निवडुंगाचं_फूल

नमस्कार मंडळी. पर्यावरण आणि कायदा या दोन्ही विषयांतली जाणती माणसं इथे आहेत, म्हणून धागा काढतेय.

युरोपीय संघाची उत्सर्जन व्यापार योजना, म्हणजे ईयू ईटीएस, २००५ पासून सुरू आहे. सिमेंट, पोलाद, वीज, रसायनं असे कारखाने जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यातल्या प्रत्येक टनामागे एक परवाना दर वर्षी जमा करावा लागतो. हे परवाने कागदावर नसतात. ते रजिस्ट्रीतल्या खात्यात असतात, बँकेत पैसे असतात तसेच. खातं कंपनीचं असतं, पण चालवतात माणसं. त्यांना अधिकृत प्रतिनिधी म्हणतात.

मी एका सदस्य देशातल्या कारखान्यासाठी काही वर्षं अशी प्रतिनिधी होते. नेमणूक होताना पासपोर्टची नोटरीने साक्षांकित केलेली प्रत, राहत्या घराच्या पत्त्याचा पुरावा, गुन्हेगारी नोंद नसल्याचा दाखला, जन्मतारीख, मोबाईल नंबर असं सगळं दिलं. कंपनीच्या कामासाठी माझ्या घरचा पत्ता सरकारी फायलीत गेला, याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं.

आता ती नोकरी सोडली आहे आणि खात्यावरून नावही निघालं आहे. माझी कागदपत्रं काढून टाका असं मी नियामकाला, म्हणजे त्या देशात रजिस्ट्री सांभाळणाऱ्या राष्ट्रीय प्रशासकाला, लिहिलं. कायद्याने नोंदी ठेवणं बंधनकारक असल्यामुळे विनंती मान्य करता येत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं.

हे बरोबर आहे का? असेल तर किती काळ? आणि 'नोंदी' यात माझ्या पासपोर्टची प्रत येते का? कुणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा.

---

तळटीप

थोडक्यात सांगायचं तर उत्तर कायद्याला धरून आहे, पण अपुरं आहे.

जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा, त्याच्या कलम १७ मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात अपवादही आहेत. कायदेशीर बंधन पाळण्यासाठी किंवा सार्वजनिक कामासाठी माहिती लागत असेल तर हा हक्क चालत नाही. रजिस्ट्रीचे नियम २०१९/११२२ क्रमांकाच्या विनियमात आहेत. खातं बंद झाल्यानंतर पाच वर्षं नोंदी ठेवायच्या आणि मग त्यांतली वैयक्तिक माहिती काढायची, असं तिथे आहे. तपास, करचुकवेगिरी, मनी लाँडरिंग अशा कारणांसाठी ती आणखी पाच वर्षं राहू शकते, पण त्या काळात ती फक्त केंद्रीय प्रशासकाला, म्हणजे सगळ्या संघाची रजिस्ट्री सांभाळणाऱ्याला, पाहता येते.

---

रानवाट

@तळटीप, "खातं बंद झाल्यानंतर" हे शब्द पुन्हा एकदा वाचा.

कारखान्याचं खातं बंद कधी होतं? कारखाना योजनेतून बाहेर पडला किंवा कायमचा बंद झाला तर. पोलाद कारखाना चाळीस वर्षं चालतो. ताईंनी आज नोकरी सोडली आणि खातं आणखी पंचवीस वर्षं चालू राहिलं, तर पाच वर्षांचं घड्याळ पंचवीस वर्षांनी सुरू होणार. म्हणजे तोवर त्यांचा पत्ता आणि जन्मतारीख तिथेच? मुदत माणसाच्या कामाला बांधायला हवी होती, ती खात्याच्या आयुष्याला बांधली आहे. माझा मूळ आक्षेप हाच आहे. गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नका, हे तत्त्व जीडीपीआरच्या कलम ५ मध्येच आहे.

---

मोगरा_२२

+१ रानवाट. हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

---

जुनी_चोपडी

मी कार्बन बाजारात सुरुवातीपासून आहे. तुमचा राग समजतो, पण हे नियम इतके कडक का झाले ते नव्या मंडळींना माहीत नसेल, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली काही वर्षं प्रत्येक देशाची वेगळी रजिस्ट्री होती आणि खातं उघडण्याच्या अटी देशागणिक वेगळ्या होत्या. डेन्मार्कमध्ये तपासणी इतकी ढिली होती की खोट्या नावपत्त्यांवरही खाती उघडली गेली. त्याच सुमारास व्हॅटचा घोटाळा सुरू झाला. एका देशातून व्हॅट न भरता परवाने घ्यायचे, दुसऱ्या देशात व्हॅट लावून विकायचे आणि तो कर सरकारला न भरता गायब व्हायचं. डिसेंबर २००९ मध्ये युरोपोलने, म्हणजे युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेने, अंदाज दिला की सदस्य देशांचं सुमारे ५ अब्ज युरोंचं नुकसान झालं आहे. गायब झालेल्यांना शोधायला गेलं तर खात्यावरची माणसं अस्तित्वातच नव्हती.

मग चोऱ्या सुरू झाल्या. जानेवारी २०१० मध्ये जर्मन रजिस्ट्रीच्या वापरकर्त्यांना नियामकाच्या नावाने खोटे ईमेल गेले. काहींनी त्यातल्या दुव्यावर जाऊन पासवर्ड भरले आणि सुमारे अडीच लाख परवाने लंपास झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये रोमानियात होल्सिम या सिमेंट कंपनीच्या खात्यातून १६ लाख परवाने गेले. १९ जानेवारी २०११ चा दिवस मी विसरणार नाही. आदल्या दिवशी प्रागमध्ये चेक रजिस्ट्री चालवणाऱ्या संस्थेला बॉम्बची धमकी आली, इमारत रिकामी केली गेली आणि त्याच सुमारास एका कंपनीच्या खात्यातले पावणेपाच लाख परवाने परदेशी खात्यांमधून फिरवले गेले. १९ तारखेच्या संध्याकाळी युरोपीय आयोगाने सगळ्या देशांच्या रजिस्ट्र्यांमधले व्यवहार थांबवले. आम्ही पडद्याकडे बघत बसलो होतो. आपल्याकडचे परवाने चोरीचे तर नाहीत ना, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्यानंतर सगळ्या रजिस्ट्र्या एकत्र करून २०१२ मध्ये एकच संघीय रजिस्ट्री आली आणि ओळख तपासणी कडक झाली. पासपोर्ट मागतात तो यासाठी. खात्यामागे खरा माणूस आहे की नाही, हे कळायलाच हवं.

---

विदा_वारकरी

@जुनी_चोपडी, इतिहास उत्तम मांडलात, वाचनखूण साठवली. पण तुमच्या प्रतिसादात दोन वेगळे गुन्हे एका माळेत ओवले गेले आहेत आणि या धाग्यासाठी तो फरक महत्त्वाचा आहे. माझं काम माहिती सुरक्षेचं आहे, म्हणून थोडं फोडून सांगतो.

व्हॅटच्या घोटाळ्यात खाती बनावट होती. तिथे ओळखपत्र तपासणं हाच उपाय होता, मान्य. पण जर्मनी आणि रोमानियातल्या चोऱ्यांत लुटलेली खाती खऱ्या कंपन्यांची होती. त्यांच्या प्रतिनिधींचे पासपोर्ट दहा वेळा तपासले असते तरी खोटा ईमेल आला की पासवर्ड गेलाच असता. त्या दाराला कुलूप बसलं ते वेगळ्या उपायांनी. एकाने व्यवहार सुरू करायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. पासवर्डशिवाय फोनवरून दुसरी खूणही मागायची. विश्वासू खात्यांची यादी आधीच करून ठेवायची. हस्तांतर लगेच पूर्ण न करता मध्ये काही तास थांबवायचं, म्हणजे कुणाच्या तरी लक्षात यायला अवधी मिळतो. यातल्या कशालाही पासपोर्टची साठवलेली प्रत लागत नाही.

आता ओळख तपासणीकडे या. तपासणी ही एक क्रिया आहे. अधिकारी कागद बघतो, खरा आहे याची खात्री करतो आणि नोंद करतो: अमुक तारखेला, अमुक अधिकाऱ्याने, अमुक प्रकारचा दस्तऐवज पाहिला, ओळख पटली. त्या नोंदीची पुढे गरज आहे. उद्या घोटाळा निघाला तर त्या दिवशी खातं कोण चालवत होतं, हे पोलिसांना कळायलाच हवं. पण त्यासाठी नाव, जन्मतारीख, नेमणुकीचा काळ आणि तपासणीची नोंद पुरते. पासपोर्टची रंगीत प्रत आणि घरच्या वीजबिलाची प्रत वर्षानुवर्षं ठेवणं म्हणजे नवा धोका साठवणं. हजारो प्रतिनिधींचे पासपोर्ट एका जागी असले की चोराला परवाने चोरायची गरजच उरत नाही, तो ओळखीच चोरेल.

तेव्हा निवडुंगताई, तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात नेमका वाटला. 'नोंद' आणि 'पुराव्याची प्रत' या वेगळ्या गोष्टी आहेत आणि नियामकाने त्या वेगळ्या मुदतीने हाताळायला हव्यात.

---

जुनी_चोपडी

@विदा_वारकरी, फरक मान्य. तरी एक शंका आहे. पाच वर्षांनी न्यायालयात आरोपी म्हणाला की तो मी नव्हेच, माझ्या नावाने कुणीतरी बनावट पासपोर्ट दिला, तर प्रत नसताना नियामक काय दाखवणार? बनावट पासपोर्टवरचा फोटोच तर पुरावा ठरतो.

---

विदा_वारकरी

प्रश्न रास्त आहे. म्हणून मी तपासणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी फाडा असं म्हणत नाही. प्रतिनिधी कामावर असेपर्यंत आणि त्यानंतर ठरावीक काळ प्रत ठेवा, पण रोजच्या कामाच्या यंत्रणेपासून वेगळी ठेवा आणि ती उघडणाऱ्याची नोंद होऊ द्या. माझा आक्षेप बेमुदत आणि सरसकट ठेवण्याला आहे. गुन्हेगारी दाखल्याबाबत मात्र मी अजिबात मागे हटणार नाही. तो बघायचा आणि परत द्यायचा. अशा माहितीसाठी जीडीपीआरमध्ये स्वतंत्र कलम १० आहे, ते उगाच नाही.

---

झुळूक

अवांतर: आमच्या कंपनीचे एक प्रतिनिधी निवृत्त होऊन नातवंडांना शाळेत सोडायला लागले, तरी रजिस्ट्रीत अजून कामावरच होते! नियामकाच्या फेरतपासणीत ते लक्षात आलं.

---

तळटीप

@झुळूक, अवांतर कसलं, हे विषयाच्या मध्यभागी आहे. माहिती बदलली की १० कामाच्या दिवसांत कळवायची जबाबदारी खातेदाराची असते आणि प्रशासकाने निदान दर तीन वर्षांनी खात्याची माहिती तपासायची असते. माहिती अचूक असणं हाही माहिती संरक्षणाचाच भाग आहे. निवृत्त माणसाच्या नावावर चालू असलेला प्रवेश ही चोराची आवडती जागा.

---

शोधपत्रकार_मी

इथे मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. सगळे गोपनीयतेबद्दल बोलत आहेत, पण प्रदूषण हा सार्वजनिक विषय आहे. कोणत्या कारखान्याने किती टन सोडले आणि किती परवाने भरले, हे लोकांना कळलंच पाहिजे. संघीय रजिस्ट्रीच्या व्यवहारांची नोंद ठेवणारं जे सार्वजनिक संकेतस्थळ आहे, तिथे कारखान्यांचं दरवर्षीचं उत्सर्जन दिसतं. एकेका व्यवहाराचा तपशील मात्र तीन वर्षांनी उघड होतो. घोटाळा करणाऱ्याला गायब व्हायला तीन वर्षं पुष्कळ झाली. उद्या 'वैयक्तिक माहिती'च्या नावाखाली आणखी पडदे पडतील अशी मला खरंच भीती वाटते.

---

तळटीप

भीती समजते, पण कायद्याने ही रेषा बऱ्यापैकी नीट आखली आहे. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे १ जानेवारी २०२१ पासून स्वतंत्र यूके ईटीएस आहे आणि रजिस्ट्रीची प्रशासक एन्व्हायर्नमेंट एजन्सी आहे. पर्यावरणीय माहिती कुणीही मागू शकतं, त्यासाठी २००४ चे नियम आहेत, आणि त्यांच्या मुळाशी पर्यावरणीय माहिती मिळण्याच्या हक्काचा १९९८ चा आंतरराष्ट्रीय आर्हस करार आहे. त्या नियमांतला १२(९) मला फार आवडतो. माहिती उत्सर्जनाबद्दलची असेल तर व्यापारी गुपितासारखी काही कारणं देऊन ती नाकारताच येत नाही. वैयक्तिक माहितीसाठी मात्र वेगळा नियम १३ आहे आणि तो तसाच लागू राहतो.

म्हणजे धुराड्याची माहिती उघडी आणि माणसाची झाकलेली. खातेदार कंपनीचं नाव तुम्हाला मिळायलाच हवं. त्या कंपनीतल्या कर्मचाऱ्याच्या घरचा पत्ता मिळून तुमच्या बातमीत काय भर पडणार?

---

शोधपत्रकार_मी

पत्ता नकोच. पण खातेदार ही माणसंच असतील तर? व्हॅट घोटाळ्यात एका माणसाच्या कंपन्या होत्या, मालक तोच, संचालक तोच. तिथे माणसाचं नाव हाच बातमीचा गाभा असतो.

---

रानवाट

त्या बाबतीत शोधपत्रकारांशी सहमत. मालक आणि संचालक यांची नावं कंपन्यांच्या नोंदणीत तशीही उघड असतात. पगारावर काम करणारा प्रतिनिधी आणि नफा घेणारा मालक यांना एका मापाने मोजू नये.

---

मोगरा_२२

माहिती मागवण्यावरून आठवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहिती अधिकारातल्या एका अर्जाला उत्तर दिलं. जोडलेल्या एक्सेल फाईलमध्ये एक लपलेलं पान राहून गेलं होतं आणि त्यात ९,४८३ अधिकारी आणि कर्मचाऱ्यांची नावं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं होती. ती काही तास इंटरनेटवर होती. ज्या प्रदेशात पोलीस आपली नोकरी शेजाऱ्यांपासूनही लपवतात, तिथे हे झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी साडेसात लाख पौंडांचा दंड केला. सरकारी संस्था म्हणून सवलत दिली नसती तर तो ५६ लाख पौंड झाला असता, असंही त्यांनी सांगितलं.

कुणी हल्ला केला नव्हता. फाईल पाठवण्यापूर्वी नीट बघितली गेली नाही, एवढंच. नियामक जेवढं कमी साठवेल तेवढं कमी सांडेल, असं मला मनापासून वाटतं.

---

परदेशी_पाखरू

माझा साधा प्रश्न. मी भारतीय नागरिक आहे, तिकडच्या एका कंपनीसाठी प्रतिनिधी होतो, आता भारतात परतलोय. हे सगळे हक्क मला मिळतात का? आणि तक्रार कुणाकडे करायची, त्या देशाकडे की ब्रसेल्सकडे?

---

तळटीप

मिळतात. नागरिकत्व किंवा राहण्याचं ठिकाण काहीही असलं तरी संरक्षण लागू आहे, असं जीडीपीआरच्या १४ व्या प्रास्ताविक परिच्छेदात स्पष्ट लिहिलं आहे. माहिती कोण हाताळतं एवढंच बघायचं.

तक्रारीचं उत्तर दुहेरी आहे. तुमचे कागद तपासतो आणि ठेवतो तो त्या देशाचा राष्ट्रीय प्रशासक, म्हणून आधी तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाकडे जा. रजिस्ट्रीची संगणक यंत्रणा युरोपीय आयोग चालवतो. आयोगाला जीडीपीआर नव्हे, तर २०१८/१७२५ हा वेगळा विनियम लागू होतो आणि त्याच्यावर युरोपीय माहिती संरक्षण पर्यवेक्षकाची देखरेख असते. शिवाय रजिस्ट्रीतली माहिती युरोपोलला कायमस्वरूपी पाहता येते, फक्त वाचण्यापुरती. हे नियामकाने प्रतिनिधीला नेमणुकीच्या दिवशीच सोप्या भाषेत सांगायला हवं. बहुतेकांना ते माहीतही नसतं.

---

निवडुंगाचं_फूल

मला माहीत नव्हतं! युरोपोलला दिसायला माझी हरकत नाही, पण सही करताना कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

सगळ्यांचे खूप आभार. आता मी नेमकं काय लिहू?

---

तळटीप

"सगळं पुसा" असं लिहू नका, त्याला नकार देणं त्यांना सोपं जातं. त्याऐवजी कलम १५ खाली तुमच्याबद्दलच्या सगळ्या माहितीची प्रत मागा. एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं, गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं कारणासह पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. फी नसते. त्याच पत्रात विचारा की पासपोर्टची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि गुन्हेगारी दाखला यांतलं काय अजून आहे, प्रत्येकाची मुदत किती आणि ती कोणत्या तरतुदीखाली. तरतुदीचा क्रमांक मागाच. ठेवण्याचा आधार 'कायदेशीर बंधन' असेल तर हरकत घेण्याचा कलम २१ चा हक्क मिळत नाही, 'सार्वजनिक काम' असेल तर मिळतो. म्हणून आधार कोणता, हे लेखी आलं पाहिजे.

---

विदा_वारकरी

यात एक भर. दाखल्याची प्रत अजून असेल तर ती कशासाठी लागते, हे वेगळं विचारा. गरज संपलेली प्रत काढून टाकणं आणि तुमच्या नेमणुकीची नोंद ठेवणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत, असं सरळ लिहा. अधिकाऱ्यालाही वाट मिळते. समोर बसलेला माणूस बहुतेकदा नियमाला घाबरलेला असतो, वाईट नसतो.

---

निवडुंगाचं_फूल

मंडळी, उत्तर आलं, म्हणून धागा वर काढतेय.

या वेळी चांगलं सविस्तर पत्र आहे. नाव, जन्मतारीख, नेमणुकीचा काळ आणि केलेल्या कृतींची नोंद विनियमाप्रमाणे राहणार. तरतूद लिहून दिली आहे आणि हे मला मान्य आहे. गुन्हेगारी दाखल्याची प्रत काढून टाकली आहे. पासपोर्टच्या प्रतीबाबत अंतर्गत मुदत ठरवण्याचं काम चालू आहे, तोवर ती पाहण्याची परवानगी मर्यादित लोकांनाच असेल, असं म्हणतात. त्यावर मी तारीख मागितली आहे.

---

रानवाट

अभिनंदन ताई! खातं बंद होण्याच्या मुदतीबद्दल काय म्हणाले?

---

निवडुंगाचं_फूल

नियम तसाच आहे आणि तो बदलणं राष्ट्रीय प्रशासकाच्या हातात नाही, असं लिहिलंय. म्हणजे तो मुद्दा ब्रसेल्सकडे न्यावा लागेल. तुमचा परिच्छेद वापरू का?

---

रानवाट

खुशाल वापरा. मसुदा व्यक्तिगत निरोपाने (व्यनि) पाठवा, माझीही सही घाला.

---

झुळूक

सगळे नियामकाच्या मागे लागलेत, पण जुन्या कंपनीचं काय? माझ्या नेमणुकीच्या वेळी पासपोर्टची प्रत आधी एचआरला ईमेलने गेली, तिथून सल्लागाराकडे, तिथून नोटरीकडे. नियामकाकडे पोचेपर्यंत ती चार जणांच्या मेलबॉक्समध्ये होती. त्यांना कुठलाच विनियम ती ठेवायला सांगत नाही.

---

विदा_वारकरी

@झुळूक, लाखमोलाचं बोललात. तिथे पुसून घेण्याचा हक्क बहुतेक वेळा पूर्ण चालतो. ताई, तेच पत्र थोडं बदलून कंपनीला आणि सल्लागाराला पाठवा. कंपनीत नव्याने नेमणूक होत असेल तर कागद ईमेलने फिरवू नका असं आधीच सांगा, प्रतिनिधीने ते स्वतःच नियामकाकडे द्यावेत.

---

निवडुंगाचं_फूल

आज रात्रीच लिहिते. नोटरीकडेही प्रत राहते का हे कुणाला माहीत असेल तर सांगा.